काळा सूर्य आणि ओस छपरं : रझांच्या १९५१च्या चित्राविषयी

(निरगुडसर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

मागचे दिवे थोडे कमी करता येतील का? हां, आता पडदा नीट दिसतोय. बोलायला सुरुवात करण्याआधी दोन मिनिटं फक्त चित्र बघू या. कुणी काढलं, केव्हा काढलं, ते नंतर.

बघितलंत? काय दिसलं? घरं. एकावर एक रचलेली, एकमेकांना खेटलेली. भिंती, उतरती छपरं, मधूनच वर घुसलेला बुरूज. खिडक्या आहेत, पण डोळे मिटल्यासारख्या. आणि वर काळा गोळा. (प्रेक्षकांतून : ‘पाण्याची टाकी!’) (हशा) बरोबर आहे, आपल्याकडे आता छपरावर काळं आणि गोल दिसलं की ती टाकीच असते. पण हा सूर्य आहे. काळा सूर्य.

चित्रकार सय्यद हैदर रझा. चित्राचं नाव ‘ओ-द-कान्य’, म्हणजे ‘वरचं कान्य’. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान्य नावाचं गाव आहे, त्याचा टेकडीवरचा जुना भाग हा. माथ्यावर ग्रिमाल्दी घराण्याचा मध्ययुगीन गढीवजा वाडा, आणि त्याच्या खांद्यांवरून घरं खाली उतरत आलेली. वर्ष १९५१. कागदावर गुआश. गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंग, याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे. असली चित्रं रझांनी त्या काळात एकापेक्षा जास्त काढली, ‘कार्कासोन’ हे त्यांतलंच, तटबंदीच्या शहराचं. मी बोलणार आहे ते मुख्यतः कान्यबद्दल.

आता या चित्राबद्दल दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात, आणि दोन्ही मला आळशीपणाच्या वाटतात. पहिली अशी, की रझा मुंबईत साधी निसर्गचित्रं काढत होते, मग फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, १९५०मध्ये ते पॅरिसला गेले आणि तिथे आधुनिक झाले. जसं काही आधुनिकता हे बोटीवरून उतरल्यावर मिळणारं रेशनकार्ड आहे. दुसरी गोष्ट रझांच्या भक्तांची. ते म्हणतात, बघा, हा काळा सूर्य म्हणजेच पुढचा बिंदू! लहानपणी शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी एक ठिपका काढून त्यावर लक्ष एकाग्र करायला लावलं, त्याचा हा पहिला अवतार.

आता ते बिंदूचं बघा. गुरुजींची आठवण रझांनी स्वतःच सांगितलेली आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण बिंदू त्यांच्या चित्रांत ठाण मांडून बसला तो १९८०च्या आसपास. म्हणजे या चित्रानंतर जवळपास तीस वर्षांनी. तीस वर्षांनी जे घडलं त्याच्या चष्म्यातून १९५१कडे बघितलं, तर आपल्याला फक्त गोळा दिसतो आणि त्याच्या खालचं गाव दिसेनासं होतं. बिंदू ही ध्यानाची, उगमाची वस्तू आहे, त्यातून बाकीचं सगळं उमलतं असं रझा सांगत. इथे त्या गोळ्यातून काही उमलत नाहीये. तो गावावर टांगलेला आहे. सूर्य असून उजेड देत नाही. या चित्रात जो काही उजेड आहे तो भिंतींच्या रंगातच आहे, वरून आलेला नाही. ग्रहणात दुपारी कशी एक विचित्र, बुडाशी बसलेली प्रकाशाची जात असते, तसं काहीसं. याला बिंदू म्हणणं म्हणजे या चित्राचा कडवटपणा पुसून टाकणं.

पहिली गोष्ट जरा सविस्तर सोडवावी लागेल.

रझांचा जन्म १९२२चा, मंडला जिल्ह्यातला, नर्मदेच्या बाजूचा. वडील जंगल खात्यात. १९३९ ते ४३ नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, मग मुंबईला जे. जे.मध्ये १९४७पर्यंत. पोटासाठी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी. उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते रंगवायचे. ती जलरंगातली चित्रं तुम्ही बघा कधीतरी. पाऊस पडून गेलाय, रस्ता ओला, गर्दी म्हणजे कुंचल्याचे चार ओले फटकारे, इमारती धुक्यात विरघळलेल्या. पारदर्शक जलरंगाचं तंत्रच असं आहे की कागद हाच उजेड. जिथे पांढरं हवं तिथे कागद सोडून द्यायचा, रंग ओला असेपर्यंत काम उरकायचं, चुकलं तर चुकलं. मुंबईत या तंत्राची मोठी परंपरा होती, सा. ल. हळदणकरांसारखे उस्ताद होते. रझा त्या परंपरेतलं शेवटचं चांगलं फळ होते असं म्हटलं तरी चालेल.

मुंबईला बुरुजांची आणि मनोऱ्यांची काही कमी नव्हती हेही लक्षात घ्या. राजाबाई टॉवर, व्ही. टी.चा घुमट. जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात तर त्या व्ही. टी.च्या दगडी कोरीवकामालाच लागलेला आहे, आणि क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं लॉकवूड किपलिंगची, जो जे. जे.मध्ये शिकवत होता. म्हणजे शाळेतून बाहेर पडलं की समोर मनोरे. पण रझांच्या मुंबईच्या चित्रांत मनोरा हा लांबचा, धूसर, हवेत मिसळलेला असतो. शहर म्हणजे त्यांच्यासाठी तेव्हा हवा होती. बांधकाम नव्हतं.

याच काळात, १९४७मध्ये, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. साळगावचा सूझा, रझा, हुसेन, आरा, विदर्भातले गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. सहा जण. त्यांच्या पाठीशी तीन युरोपीय माणसं होती : ‘टाइम्स’मध्ये कलासंचालक असलेला वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेझिंगर. नाझींच्या उदयामुळे आपापला देश सोडून मुंबईला आलेली ही मंडळी. त्यांच्या घरी पुस्तकं होती, छापील प्रती होत्या, रविवारी पोरांनी जमायचं, चित्रं काढायची, वाद घालायचे. म्हणजे युरोपची आधुनिक कला रझांना पॅरिसमध्ये भेटली हे खरं नाही. ती त्यांना मुंबईत भेटली, आणि भेटवली कुणी? तर ज्यांची स्वतःची शहरं हिरावली गेली होती अशा माणसांनी. मला ही गोष्ट नुसत्या योगायोगासारखी सोडून देववत नाही. पण तिचा फार गाजावाजाही करत नाही, कारण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे.

१९४८. रझा काश्मीरला जातात. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात टोळीवाल्यांनी बारामुल्ला लुटलं, जाळलं. रझांनी तिथलं चित्र काढलं, ‘बारामुल्ला इन रुइन्स’. तिथे पहिल्यांदा त्यांच्या चित्रात हवा मागे हटते आणि घरांचे सांगाडे पुढे येतात. मुंबईत गर्दी रंगवणारा हा माणूस इथे पडकी घरं रंगवतो. फ्रान्सला जायच्या दोन वर्षं आधी.

आणि याच काश्मीरच्या मुक्कामात त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. जगप्रसिद्ध फोटोग्राफर. त्याने रझांची चित्रं बघितली आणि सांगितलं की तुमच्यात गुण आहेत, पण चित्रांना बांधणी नाही. चित्र हे इमारतीसारखं उभं राहावं लागतं. सेझान बघा. रझांनी ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगितली. वाईट वाटून घेतलं नाही, फ्रेंच शिकायला लागले. (हशा)

बरं, आता पुढची स्लाइड. हे सेझानचं ‘गार्दान’. १८८५-८६. सेझान वर्षभर या गावात राहिला आणि गावाची तीन चित्रं काढली. टेकडी, तिच्यावर चढत गेलेली घरं, माथ्यावर चर्चचा मनोरा. मांडणी ओळखीची वाटतेय ना? घरांचे चौकोनी ठोकळे, छपरांचे तिरपे पट्टे, तपशिलाला फाटा. यानंतर वीसेक वर्षांनी, १९०८मध्ये, ब्राकने लेस्ताकची घरं अशीच रंगवली आणि एक समीक्षक चिडून म्हणाला की हा सगळ्याचे ठोकळे करतो. त्यातून क्युबिझम हे नाव पडलं. म्हणजे आधुनिक चित्रकलेच्या एका मोठ्या प्रवाहाचा जन्मच टेकडीवरच्या घरांच्या छपरांमध्ये झाला असं म्हणता येतं. माणसाचा चेहरा तोडायला चित्रकाराचा हात कचरतो. घराचं तसं नसतं, ते आधीच भूमितीत असतं.

तर रझांनी सेझान घेतला, हे उघड आहे. पण काय घेतलं नाही ते बघा, खरी गंमत तिथे आहे. गार्दानच्या पायथ्याशी झाडं आहेत. हिरव्याचे जाड थर आहेत, उतार आहे, माती आहे. गाव जमिनीतून वर आलंय, त्याला वजन आहे. डोळा खालून चढत चढत मनोऱ्यापर्यंत जातो, जसे आपण शिवनेरी चढतो. दम लागतो, मध्ये टेकायला जागा मिळते. आता पुन्हा रझा लावा. पायथा कुठे आहे? गाव सुरू कुठून होतं? घरं आहेत, एकमेकांना टेकून आहेत, पण ती सगळी मिळून कशाला टेकली आहेत? कशालाच नाही. गाव तरंगतंय. कार्तिए-ब्रेसाँने सांगितलं, बांधा. यांनी बांधलं. कडक, नेटकं, एक वीट इकडची तिकडे होणार नाही असं बांधलं. आणि पाया काढून टाकला.

माझ्या मते या चित्राचं मर्म हेच आहे. काळ्या सूर्याकडे लोकांचं लक्ष आधी जातं, कारण तो नाट्यमय आहे. पण बिनपायाचं गाव ही त्याहून भीषण गोष्ट आहे.

तुलनेसाठी आणखी एक. याच कान्य गावात, १९२०च्या दशकात, सूतीन नावाचा चित्रकार राहिला होता. त्याचं कान्य बघा. घरं झिंगल्यासारखी डोलताहेत, रस्ता साप होऊन वळवळतोय. भूकंप झालाय असं वाटतं. तेच गाव, तीच टेकडी. सूतीनच्या गावात सगळं हलतंय, पण जमीनही त्यात सामील आहे, त्यामुळे तिथे एक प्रकारचा जीव आहे. रझांच्या गावात काहीच हलत नाही. हलायला कुणी उरलंच नाहीये.

आणि जलरंगाचं काय झालं? मघाशी म्हटलं, गुआश अपारदर्शक असतो. कागद झाकला जातो, उजेड बंद होतो. मुंबईचा तो ओला, वाहता, सांडता रंग इथे वाळून घट्ट झालाय. अपारदर्शक जलरंग म्हणजे आपल्या लघुचित्रांचंही माध्यम. मेवाड, माळवा, बसोहली. त्या चित्रांत पुढे नायिका वगैरे असते, आणि पार मागे, क्षितिजाच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढं एक गाव असतं. पांढऱ्या भिंती, एखादा बुरूज. आपण तिकडे बघतही नाही. मला रझांचं कान्य बघताना नेहमी वाटतं की त्यांनी तो कोपरा कापून घेतला आणि मोठा केला. नायिका गेली, बाग गेली, मोर गेला, मागचं गाव तेवढं राहिलं. हे माझं वाचन आहे, पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. पण ‘पॅरिसमुळे’ एवढंच उत्तर मला पुरत नाही, ते या कारणाने.

आता तो नाजूक प्रश्न. फाळणीचा. १९४७मध्ये रझांची आई गेली, पुढच्या वर्षी वडील. भाऊ, बहीण पाकिस्तानात निघून गेले. पहिली पत्नीही गेली. रझा इथेच राहिले. म्हणाले, हा माझा देश आहे. आणि दोन वर्षांत फ्रान्सला गेले. घर नावाची जी काही गोष्ट असते, ती त्या तीन वर्षांत पार विस्कटली. मग १९५१मध्ये हा माणूस समुद्रकाठच्या एका सुंदर, उन्हाने भरलेल्या, पर्यटक जिथे पोस्टकार्डं विकत घेतात अशा गावात जातो, आणि तिथे त्याला ओस घरं आणि काळा सूर्य दिसतो.

दोन आणि दोन चार करायचा मोह होतो. मी अर्धाच करणार आहे. चित्र हा काही दाखला नव्हे की अमुक अमुक दुःख झाले आहे, सबब सही. रझांनी चित्रावर ‘फाळणी’ असं लिहिलं नाही. त्यांना लिहायचं असतं तर ते बारामुल्लाच रंगवत राहिले असते, तिथे विषय तयार होता. त्यांनी परकं गाव घेतलं, जिथे कुणी त्यांचं नव्हतं आणि जिथून कुणी परागंदा झालेलं नव्हतं. मग प्रश्न असा होतो की स्वतःचं उजाड झालेलं घर माणसाला स्वतःच्या गावात रंगवता येत नाही आणि दुसऱ्याच्या गावात येतं, हे कसं? आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. डिंभे धरणात जुनं आंबेगाव गेलं. या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गावच पाण्याखाली आहे. त्याची चित्रं किती निघाली? उजनीतलं पळसदेवचं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, त्याचे फोटो मात्र दर उन्हाळ्यात सगळीकडे फिरतात, आणि काढणारे बहुतेक बाहेरून आलेले असतात. ज्याचं बुडलं तो कॅमेरा घेऊन काठावर जातोच असं नाही.

म्हणून मी एवढंच म्हणेन की कान्यमध्ये रझांना अंतर मिळालं. त्या अंतरावरून त्यांनी गाव बांधलं.

इथपर्यंत स्तुती झाली. आता माझी तक्रार. हे चित्र फार देखणं आहे. प्रत्येक भिंत शेजारच्या भिंतीशी इतकी जुळते की थोड्या वेळाने ती ओस घरं ओस वाटेनाशी होतात, नक्षी वाटायला लागतात. सूझाची शहरं बघा. त्याच्याकडे चर्चचे मनोरे आहेत, काळ्या जाड रेषा आहेत, आभाळ अंगावर येतं. ओबडधोबड, कधी कधी अगदी वाईटही. पण तिथे बसून कुणी जेवेल असं वाटत नाही. रझांचं कान्य दिवाणखान्यात लावता येतं. आणि पॅरिसने ते आनंदाने लावलंही. १९५६मध्ये त्यांना तिथला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळत होता. तोवर घरं सैल होऊन तैलरंगात वितळायला लागली होती, काळा सूर्य मागे पडला होता.

आणि दुसरी, जास्त खोल तक्रार. मुंबईच्या चित्रांतली माणसं बारामुल्लात दिसेनाशी झाली ती परत आलीच नाहीत. हुसेनने माणसं सोडली नाहीत, सूझाने तर माणसांना फाडून खाल्लं, आरा नग्नचित्रांकडे गेला. रझा घरांकडून जंगलाकडे, जंगलाकडून बिंदूकडे गेले. पुढे पत्नी जानीनबरोबर ते गॉर्बिओ नावाच्या अशाच एका डोंगरावरच्या गावात राहत. म्हणजे अक्षरशः चित्रातल्यासारख्या घरात राहून ते रंगवत होते मंडलाचं अरण्य आणि राजस्थान. घर नव्हतं तेव्हा घरं काढली, घर मिळाल्यावर जंगल काढलं. माणूस कुठेच नाही. त्यांच्या उत्तरायुष्यातल्या चित्रांची किंमत कोटींत जाते, आणि मला त्यांतली बरीचशी शांत, गोड आणि पुनरुक्त वाटतात. १९५१च्या या लहानशा कागदात जी धग आहे ती तिथे नाही. हे मत अनेकांना पटणार नाही, नका पटवून घेऊ.

प्रश्न असतील तर घेऊ.

*

प्रश्न : सर, माणसं नाहीत म्हणून तुम्ही गाव ओस म्हणता. पण दुपारी आमच्या वस्तीत येऊन बघा, सगळी रानात असतात. छपरावर चढून बघितलं तर असंच दिसेल, एक माणूस नाही. मग हे फक्त दुपारचं गाव का नाही?

उत्तर : फारच चांगला प्रश्न. आणि कान्यच्या बाबतीत तो शब्दशः लागू आहे, कारण तिकडे दुपारी सगळं बंद करून झोपायची पद्धत आहे. पण तुमच्या दुपारच्या वस्तीत काय काय दिसतं ते सांगा. दोरीवर कपडे. अंगणात पाटी, चपला. कुठेतरी कोंबडी. चुलीचा काळा डाग भिंतीवर. माणूस नसतो पण तो परत येणार आहे याच्या खुणा असतात. रझांच्या गावात अशी एकही खूण नाही. दार शोधून बघा. मला आत शिरायची वाट सापडलेली नाही. तुम्हाला सापडली तर मला सांगा, माझं निम्मं भाषण बदलावं लागेल. (हशा)

प्रश्न : मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील?

उत्तर : पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात २०२३मध्ये मोठं प्रदर्शन झालं, ते आता संपलं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात रझा आहेत. कोणतं चित्र कधी भिंतीवर असेल ते बदलत राहतं, तेव्हा फोन करून जा. आणि जाल तेव्हा जवळ जाऊन रंगाची जाडी बघा. पडद्यावर सगळंच सपाट दिसतं, त्यामुळे मी मघाशी पारदर्शक आणि अपारदर्शक असं जे काही सांगितलं ते तिथे गेल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

प्रश्न : रझांना शेवटी कुठे दफन केलं?

उत्तर : मंडल्याला. २०१०च्या अखेरीस ते भारतात परत आले, दिल्लीत राहिले, आणि २३ जुलै २०१६ला गेले. मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांची कबर आहे. तशी त्यांचीच इच्छा होती.